मस्तिष्काघात व संरक्षक प्रथिने

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अकस्मात खंडित झाल्यामुळे किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्यामुळे त्या भागाचे कार्य बंद पडते, या विकारास मस्तिष्काघात असे म्हणतात. व्यवहारात तो लकवा, अर्धांगवायू किंवा पक्षाघाताचा झटका या नावांनी ओळखला जातो. रक्त न मिळाल्याने मरू घातलेल्या तंत्रिका कोशिकांना (मज्जापेशींना) वाचवू शकतील अशी काही प्रथिने प्राण्यांच्या शरीरात मुळातच आढळतात. त्यांना संरक्षक प्रथिने म्हणता येईल. ही प्रथिने औषध म्हणून बाहेरून देऊन मेंदूत पोहोचविण्याचे प्रयत्न १९९० नंतरच्या काळात जगातील अनेक प्रयोगशाळांत झाले. त्या प्रयत्नांचा इतिहास येथे दिला आहे. या इतिहासात दोन अडथळ्यांचा नेहमी उल्लेख होतो : एक, रक्त व मेंदू यांमधील नैसर्गिक अवरोध आणि दुसरा, झपाट्याने निसटणारा काळ. ग्रामीण भागातील रुग्णाच्या बाबतीत अंतर हा तिसरा अडथळा त्यांत मिळतो. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील वैद्यकीय संस्थेत झालेल्या एका अभ्यासामुळे या तिसऱ्या अडथळ्याचे स्वरूप विशेष स्पष्ट झाले. म्हणून प्रारंभ तेथूनच करणे सोयीचे ठरते.

सेवाग्रामची पार्श्वभूमी : महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींना उच्च रक्तदाबाचा विकार होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १९४/१३० व फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११० इतका असल्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. उच्च रक्तदाब हे मस्तिष्काघाताचे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. परंतु त्या काळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते आणि विश्रांती, मिताहार व फिरणे यांवरच भर असे. मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या दिशेने वळले.

गांधीजींच्या वैद्य सुशीला नायर यांनी सेवाग्रामात सुरू केलेल्या रुग्णसेवेतून कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. १९६९ या गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी त्यांनीच तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना केली. खेड्यात उभारलेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील लकव्याचे रुग्ण या रुग्णालयात येत असल्यामुळे त्यांच्या निदानाचा व उपचारांचा प्रश्न तेथील वैद्यांपुढे सातत्याने उभा राहिला.

मस्तिष्काघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात रक्ताची गुठळी अडकून रोहिणी बंद होते, तर दुसऱ्यात रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. उपचार मात्र परस्परविरुद्ध असतात. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णास दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते. संगणकीय छेदचित्रणाने (सीटी स्कॅनने) हा भेद काही मिनिटांत कळतो. पण हे यंत्र प्रत्येक तालुक्यात नसते. केवळ रुग्णास तपासून हा भेद ओळखता यावा, यासाठी लंडनच्या गायज रुग्णालयातील व बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयातील तज्ञांनी लक्षणांवर आधारलेली गुणांकन कोष्टके तयार केली होती. सेवाग्राम येथील श्रीप्रकाश कलंत्री व त्यांचे सहकारी यांनी ही दोन्ही कोष्टके आपल्या रुग्णांना लावून पाहिली व प्रत्येक निष्कर्ष छेदचित्रणाशी ताडून पाहिला. २००३ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निर्णय स्पष्ट होता : दोन्ही कोष्टकांची अचूकता अपुरी असून त्यांच्या भरवशावर उपचार ठरविणे सुरक्षित नाही.

या निष्कर्षाचा एक अर्थ असा, की ग्रामीण रुग्णालाही छेदचित्रणाची सोय मिळालीच पाहिजे. दुसरा अर्थ औषधसंशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गुठळीच्या व रक्तस्रावाच्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांना निर्धोकपणे देता येईल आणि मेंदूच्या कोशिकांना काही तास तग धरावयास लावील असे औषध मिळाले, तर ते छेदचित्रणापूर्वी, गावातील आरोग्य केंद्रात किंवा रुग्णवाहिकेतच देता येईल. संरक्षक प्रथिनांविषयीच्या आशेचे हेच मुख्य कारण होय.

विकाराचे स्वरूप : मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सु. दोन टक्के असले, तरी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सु. वीस टक्के ऑक्सिजन तो वापरतो. त्याच्याजवळ ऊर्जेचा साठा जवळजवळ नसतो. रोहिणी बंद होताच तिच्या क्षेत्राच्या मध्यभागातील कोशिका काही मिनिटांतच मरतात. त्याभोवतीच्या पट्ट्यात मात्र शेजारच्या रक्तवाहिन्यांतून थोडे रक्त येत राहते. तेथील कोशिका काम थांबवितात, पण लगेच मरत नाहीत. या पट्ट्याचे स्वरूप जे. अस्ट्रुप, बी. के. सीस्यो व एल. सायमन यांनी १९७७ ते १९८१ या काळात स्पष्ट केले. ग्रहणाच्या वेळी दाट छायेभोवती विरळ छाया असते, त्यावरून या पट्ट्यास उपच्छाया असे म्हणतात. उपचारांनी जे काही वाचवावयाचे, ते या उपच्छायेतच असते. मोठी रोहिणी बंद पडली असता दर मिनिटास सु. १९ लक्ष तंत्रिका कोशिका नष्ट होतात, असा अंदाज जे. एल. सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

उपच्छायेतील कोशिका कशा मरतात, याचा उलगडाही टप्प्याटप्प्याने झाला. ग्लुटामेट हा मेंदूतील संदेशवाहक पदार्थ अतिरिक्त प्रमाणात साठला, तर तोच विषारी ठरतो, हे जे. डब्ल्यू. ओल्नी यांनी १९६९ मध्ये दाखविले. ग्लुटामेटाच्या माऱ्यामुळे कोशिकेत कॅल्शियम शिरते व विनाशक एंझाइमे जागृत होतात. याखेरीज काही कोशिका स्वतःच्या अंतर्गत योजनेनुसार, क्रमाक्रमाने मृत्यू पावतात. या साखळीतील एखादी कडी तोडणारे प्रथिन योग्य वेळी कोशिकेत पोहोचले, तर ती वाचू शकेल, या कल्पनेवर पुढील सर्व प्रयोग आधारलेले आहेत.

रक्त-मेंदू अवरोध : हे प्रथिन मेंदूत पोहोचवावयाचे कसे, हा यातील मूळ प्रश्न होय. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचली, तेव्हा सर्व इंद्रिये रंगली, परंतु मेंदू व मेरुरज्जू कोरे राहिले. तंत्रिका ऊतकाला रंगाचे आकर्षण नसावे, असे एर्लिख यांना वाटले. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये ट्रिपान ब्लू हे रंगद्रव्य मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदूभोवतीच्या द्रवात) टोचले. या वेळी मेंदू रंगला व शरीर कोरे राहिले. याचा अर्थ मेंदूला रंगाचे वावडे नव्हते. रक्त व मेंदू यांमध्येच काहीतरी आडकाठी होती. जिनीव्हा येथील लीना स्टर्न यांनी १९२१ मध्ये या आडकाठीचा पद्धतशीर अभ्यास करून तिला रक्त-मेंदू अवरोध या अर्थाचे नाव दिले.

हा अवरोध नेमका कोठे आहे, हे टी. एस. रीझ व एम. जे. कार्नोव्स्की यांनी १९६७ मध्ये दाखविले. त्यांनी उंदराच्या रक्तात पेरॉक्सिडेज हे एक प्रथिन सोडले व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचा माग काढला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या कोशिका एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की हे प्रथिन त्या सांध्यांशी येऊन थांबले. अशा रीतीने प्रथिनास मेंदूत वाट नाही ही गोष्ट एका प्रथिनाच्याच साहाय्याने सिद्ध झाली. मानवी मेंदूतील केशवाहिन्यांची एकूण लांबी सु. ६०० किमी. मानली जाते. बहुतेक सर्व तंत्रिका कोशिका एखाद्या केशवाहिनीच्या अगदी निकट असतात. तरीही रक्तातील मोठे रेणू त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. रक्तातील प्रतिपिंडांपैकी सु. एक हजारांश भागच मेंदूत आढळतो.

मस्तिष्काघातात हा अवरोध काही काळाने ढिला पडतो व मेंदूतील प्रथिने रक्तात, तर रक्तातील मेंदूत झिरपू लागतात. नागपूर येथील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील हातिम दागिनावाला, राजपाल कश्यप व त्यांचे सहकारी यांनी रुग्णांच्या रक्तरसातील प्रथिनांचा अभ्यास केला आणि त्यांपैकी एक प्रथिन रोगाच्या तीव्र अवस्थेचे निदर्शक ठरू शकेल, असे २००९ मध्ये मांडले. अशा निदर्शकांचा हेतूही सेवाग्रामच्या अभ्यासाशी मिळताजुळता आहे. मोठ्या यंत्राविना निदानास मदत व्हावी, हा तो हेतू होय. तथापि अवरोध आपोआप ढिला होईतो वाट पाहणे उपचाराच्या दृष्टीने निरुपयोगी असते, कारण तोवर उपच्छायेतील बऱ्याच कोशिका मेलेल्या असतात आणि मेंदूला सूजही येऊ लागते.

वर्धक प्रथिने : तंत्रिका कोशिकांची वाढ व जोपासना करणाऱ्या प्रथिनांपैकी पहिले प्रथिन रीता लेव्ही-मोंताल्चीनी व स्टॅन्ली कोएन यांनी शोधून काढले. त्याबद्दल दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाय. ए. बार्ड, डी. एडगर व एच. टोएनेन यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूपासून असेच दुसरे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळविले. ते मेंदूजन्य तंत्रिकावर्धक या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. ही प्रथिने थेट मेंदूच्या पोकळीत टोचली असता प्राण्यांतील इजा कमी होते, असे पुढे आढळले. परंतु कवटीला छिद्र पाडून औषध देणे हा झटक्याच्या रुग्णावरचा व्यवहार्य उपचार नव्हे.

म्हणून काही प्रथिने शिरेतून देऊन पाहण्यात आली. तंतुजनक कोशिकांच्या एका वर्धक प्रथिनाची यूरोप व ऑस्ट्रेलियात रुग्णांवर चाचणी झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत एकंदर लाभ दिसला नाही. मोठ्या मात्रेने रक्तदाब उतरत असल्याचेही आढळले. रक्तातील तांबड्या कोशिका वाढविणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या प्रथिनाकडून मोठी अपेक्षा होती. जर्मनीत ५२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००९) मात्र हे प्रथिन मिळालेल्या गटात १६·४ टक्के, तर न मिळालेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले. संरक्षक म्हणून दिलेले द्रव्य शरीराच्या इतर भागांत वेगळे कार्य करते आणि मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अपाय करू शकते, हा धडा या चाचण्यांनी दिला.

वाहकांचा शोध : शरीराला आवश्यक असलेली काही मोठी द्रव्ये मेंदूत जातातच. लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन पकडणारी ग्राहके मेंदूच्या केशवाहिन्यांवर असल्याचे १९८४ मध्ये आढळले. या ग्राहकांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर औषध लादले, तर ग्राहकाबरोबर तेही पलीकडे ओढले जाईल, अशी युक्ती निघाली. पी. एम. फ्रीडन व सहकारी यांनी १९९३ मध्ये या मार्गाने तंत्रिकावर्धक प्रथिन उंदरांच्या मेंदूत पोहोचविले. लॉस अँजेल्स येथील डब्ल्यू. एम. पार्ड्रिज यांनी ही पद्धत पुढे नेली. त्यांनी व वाय. झांग यांनी २००१ मध्ये मेंदूजन्य तंत्रिकावर्धक अशा वाहकाला जोडून शिरेतून दिले, तेव्हा उंदरांच्या मेंदूतील इजा कमी झाली. वाहकाविना दिलेल्या त्याच प्रथिनाचा उपयोग झाला नाही.

याच सुमारास डब्ल्यू. एच. फ्रे व सहकारी यांनी नाकाचा मार्ग पुढे आणला. गंधज्ञान करून देणाऱ्या तंत्रिका नाकातून थेट मेंदूत जातात. त्यांच्या अनुरोधाने इन्शुलिनसदृश वर्धक हे प्रथिन उंदरांच्या मेंदूत पोहोचून इजा घटल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुईविना देता येणारे औषध म्हणून हा मार्ग आकर्षक वाटतो. परंतु उंदराच्या मानाने मानवी मेंदू फार मोठा असल्याने नाकातून शिरलेले प्रथिन पुरेशा प्रमाणात खोलवर जाईल की नाही, ही शंका उरते.

टॅट पेप्टाइड : तिसरा मार्ग अनपेक्षित दिशेने सापडला. एड्सच्या विषाणूतील टॅट नावाचे प्रथिन बाहेरून कोशिकेत आपोआप शिरते, असे ए. डी. फ्रँकेल व सी. ओ. पाबो यांना आणि स्वतंत्रपणे एम. ग्रीन व पी. एम. लोवेनस्टाइन यांना १९८८ मध्ये आढळले. हे सामर्थ्य त्यातील केवळ अकरा ॲमिनो अम्लांच्या तुकड्यात असल्याचे पुढे कळले. या तुकड्यात धन विद्युत् भार असलेल्या अम्लांची गर्दी असते आणि कोशिकांचा पृष्ठभाग ऋण भारित असतो. त्यामुळे तुकडा पृष्ठभागास चिकटतो व आपल्यास जोडलेल्या प्रथिनासह आत ओढला जातो. तो एकटा घेतला असता त्यापासून रोग होत नाही.

सेंट लूइस येथे एस. आर. श्वार्झ, एस. एफ. डाउडी व सहकारी यांनी १९९९ मध्ये हा तुकडा बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या एंझाइमाला जोडला. तो उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचल्यावर ते एंझाइम सर्व ऊतकांत व मेंदूतही कार्यक्षम स्थितीत आढळले. यासाठी दोन्ही भागांची जनुके एकत्र जोडून ती जंतूंत घालतात. जंतू अखंड जोडप्रथिन तयार करतात व ते शुद्ध करून वापरतात.

मस्तिष्काघाताच्या संशोधनात या शोधाचा लगेच उपयोग झाला. कोशिकांचा क्रमबद्ध मृत्यू रोखणारे बीसीएल-एक्सएल हे प्रथिन टॅटला जोडून पिट्‌सबर्ग येथे जी. काओ, जे. चेन व सहकारी यांनी आणि झुरिक येथे ई. किलिच व सहकारी यांनी २००२ मध्ये उंदरांना दिले. दोन्हीकडे मृत भागाचा आकार घटला. त्याच वर्षी टोराँटो येथील एम. आर्ट्‌स, एम. टिमियान्स्की व सहकारी यांनी संपूर्ण प्रथिन न देता त्याचा लहानसा कार्यक्षम अंश वापरला. ग्लुटामेटाचे ग्राहक व कोशिकेतील विनाशक यंत्रणा यांना पीएसडी-९५ हे प्रथिन जोडून ठेवते. हा दुवा सोडविणारा नऊ ॲमिनो अम्लांचा अंश त्यांनी टॅटच्या अकरा अम्लांना जोडला. अशा रीतीने तयार झालेल्या वीस अम्लांच्या पेप्टाइडास पुढे नेरिनेटाइड हे नाव मिळाले. विकार सुरू झाल्यावर एक तासाने दिले असताही ते उंदरांत गुणकारी ठरले. २०१२ मध्ये माकडांवरील प्रयोगांतही तसेच दिसले.

रुग्णांवरील कसोटी : प्राण्यांत यशस्वी झालेली औषधे माणसात अयशस्वी ठरण्याचा अनुभव या क्षेत्रात वारंवार आला आहे. मेलबर्न येथील व्ही. ई. ओकॉलिन्स व सहकारी यांनी २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात प्रयोगांत वापरलेले १,०२६ उपाय मोजले होते. त्यांपैकी कोशिकांचे रक्षण करणारे एकही औषध तोवर सर्वमान्य झालेले नव्हते. निरोगी, तरुण व एकाच जातीच्या उंदरांत औषध झटक्यापूर्वी किंवा लगेच नंतर दिले जाते. वयोवृद्ध, रक्तदाब व मधुमेह असलेल्या आणि काही तासांनी रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाची स्थिती त्याहून अगदी भिन्न असते.

नेरिनेटाइडाने पहिला टप्पा चांगला ओलांडला. मेंदूतील रोहिणीच्या फुगवट्यावर उपचार करताना लहान गुठळ्या सुटतात. अशा १८५ रुग्णांत २०१२ मध्ये झालेल्या चाचणीत औषध मिळालेल्यांच्या मेंदूत मृत ठिपक्यांची संख्या कमी आढळली. त्यानंतर रोहिणीतील गुठळी यांत्रिक उपायाने काढल्या जाणाऱ्या १,१०५ रुग्णांवर, आठ देशांतील ४८ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्यांपैकी ६१·४ टक्के व न मिळालेल्यांपैकी ५९·२ टक्के रुग्ण स्वावलंबी झाले. हा फरक निर्णायक नव्हता.

परंतु रुग्णांचे दोन गट वेगळे काढले असता एक विलक्षण गोष्ट दिसली. गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज हे प्रथिन ज्यांना दिलेले नव्हते, त्यांच्यात नेरिनेटाइडाने स्वावलंबी रुग्णांचे प्रमाण सु. साडेनऊ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. अल्टेप्लेज रक्तातील प्लास्मिन या एंझाइमास जागृत करते. प्लास्मिन गुठळीबरोबर नेरिनेटाइडाचेही तुकडे करते. रोहिणी मोकळी करणारे प्रथिनच कोशिका वाचविणाऱ्या पेप्टाइडाचा नाश करीत होते. या अनुमानाची शहानिशा करण्यासाठी अल्टेप्लेज न मिळालेल्या रुग्णांची स्वतंत्र चाचणी घेण्यात आली. तीत अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. कॅनडातील आणखी एका चाचणीत रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनीच, छेदचित्रणापूर्वी, हे औषध दिले. सेवाग्रामच्या अभ्यासातून निघणाऱ्या प्रश्नाला तंतोतंत जुळणारी ही रचना होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता लाभ आढळला नाही. निदान होण्यापूर्वी असे औषध प्रत्यक्ष वाटेत देता येते, एवढे मात्र या चाचणीने दाखविले.

बाजारातील अर्क : या क्षेत्राचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या द्रव्यांचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. डुकराच्या मेंदूतील प्रथिनांचे विघटन करून मिळविलेले सेरेब्रोलायसीन हे पेप्टाइडांचे मिश्रण भारतासह अनेक देशांत लकव्याच्या रुग्णांना टोचले जाते. उपलब्ध चाचण्यांच्या निष्पक्ष आढाव्यांत त्यामुळे मृत्यू टळत असल्याचे दिसून आले नाही. संरक्षक प्रथिनांविषयीचे प्रयोगशाळेतील पुरावे अशा अर्कांना लागू होत नाहीत. उपचारांसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या किंवा जनावर विकणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

काळ व अंतर : मस्तिष्काघातावर निर्विवाद उपयुक्त ठरलेले प्रथिन अल्टेप्लेज हेच होय आणि त्याचे कार्य मेंदूत नसून रक्तवाहिनीतच होत असल्याने त्याला अवरोध ओलांडावा लागत नाही. अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील चाचणीने १९९५ मध्ये त्याची उपयुक्तता सिद्ध केली. ते प्रथम तीन तासांपर्यंत व २००८ नंतर साडेचार तासांपर्यंत देण्यात येऊ लागले. त्यासारखे टेनेक्टेप्लेज हे प्रथिन एकाच टोचणीत देता येते. पुण्यातील जेनोव्हा ही कंपनी त्याचे उत्पादन करते. असे असूनही त्याचा लाभ मिळण्यासाठी रुग्ण साडेचार तासांत छेदचित्रणाची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचावा लागतो.

मुंबईत २००५-०६ मध्ये पी. एम. दलाल व सहकारी यांनी केलेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सु. १४५ नवे रुग्ण आढळले होते. ग्रामीण भागात हा विकार विरळा असावा, असा समज होता. विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात सर्च या संस्थेचे योगेश्वर काळकोंडे, अभय बंग व सहकारी यांनी ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली, तेव्हा हा समज खोटा ठरला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दर सात मृत्यूंपैकी एक मस्तिष्काघाताने झाला होता व तेच तेथील मृत्यूचे प्रथम क्रमांकाचे कारण होते. बहुतेक रुग्ण घरीच दगावले होते. रक्त-मेंदू अवरोध भेदण्याचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्‌भवलाच नाही. घर व रुग्णालय यांमधील अंतरच त्यांना पार करता आले नव्हते.

सद्यस्थिती : मेंदूत पोहोचविता येणारे व मस्तिष्काघातात गुणकारी ठरलेले संरक्षक प्रथिन अद्याप उपचारांत आलेले नाही. अवरोध अभेद्य आहे, हा विचार मात्र मागे पडला आहे. ट्रान्सफेरिनाच्या ग्राहकाचा उपयोग करून मेंदूत शिरणारे एक एंझाइम हंटर विकार या आनुवंशिक रोगासाठी जपानमध्ये २०२१ मध्ये मान्य झाले. वाहकाची युक्ती माणसात चालते, याचा हा पुरावा होय. हंटर विकारात औषध वर्षानुवर्षे देता येते. मस्तिष्काघातात त्यासाठी मोजके तासच मिळतात. पहिला अडथळा दूर होऊ लागला असता दुसरा व तिसरा शिल्लक राहतात, असे या इतिहासाचे सार सांगता येईल.

म्हणून प्रयोगशाळेतील शोधाबरोबरच रक्तदाबाची नियमित तपासणी व उपचार, चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे ही लक्षणे घरच्यांनी ओळखणे, रुग्णवाहिकेची सोय आणि जिल्हा पातळीवर छेदचित्रणाची व्यवस्था यांना महत्त्व प्राप्त होते. उद्या एखादे संरक्षक प्रथिन यशस्वी झाले, तरी ते खेड्यातील रुग्णापर्यंत याच वाटेने जाईल. ते छेदचित्रणापूर्वी निर्धोकपणे देता येणारे, साध्या तापमानात टिकणारे व अल्पमोली असेल, तरच सेवाग्रामसारख्या ठिकाणी येणाऱ्या रुग्णांना त्याचा खरा उपयोग होईल.